जुन्या भिंतीची ओल सिमेंटने जात नाही

अंबरनाथच्या शिवमंदिराकडे बोट दाखवून ‘काळ्या दगडाला ओल लागत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. शके 982, म्हणजे 1060 सालचं हे शिलाहारकालीन देऊळ वालधुनीकाठी उभं आहे आणि त्याचा बेसॉल्ट पाणी फारच थोडं शोषतो, हे खरं. पण ते घडीव दगडांचं काम आहे. या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती बहुधा ओबडधोबड दगडांच्या किंवा विटांच्या, मधे चुना नाहीतर माती. ओल शिरते ती सांध्यांतून आणि विटांतून. म्हणून भिंत दगडी आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

याहून महागात पडणारा गैरसमज म्हणजे सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग दिला की ओल गेली. जमिनीतलं पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांतून साधारण मीटरभर चढतं, पृष्ठभागावर सुकतं आणि क्षार मागे ठेवतं, तोच लोणा. सिमेंटने सुकण्याची वाट बुजते, पाणी थांबत नाही. ते आणखी वर चढतं, पोपडे धरतात आणि सिमेंट निघताना जुन्या विटेचा तुकडाही सोबत नेतं. चुन्याचा गिलावा मऊ असतो, वाफ बाहेर सोडतो आणि स्वतः झिजून भिंत वाचवतो. ‘कोकणच्या पावसात चुना टिकेल का?’ हा प्रश्न रास्त आहे. उघड्यावर तो लवकर झिजतोच. म्हणून पावसाच्या माऱ्याच्या बाजूला छपराची वळचण पुढे काढावी लागते आणि चुन्याचा हात वरचेवर द्यावा लागतो. सिमेंट स्वस्त आणि गवंड्यांच्या सवयीचं, हेही खरं. पण तीच भिंत पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्याचा खर्च त्या हिशेबात धरलेला नसतो. मुळात आधी कारण शोधावं: फुटकी कौलं, गळका नळ, तुंबलेलं गटार, किंवा रस्ता उंचावत गेल्याने खाली गेलेलं जोतं.

उकाड्यासाठी भिंतीला आतून थर्मोकोल लावणं हा असाच चुकीचा उपाय. त्यामागे ओल कोंडते, बुरशी धरते. जाड भिंत ऊन आत पोचायला तासन् तास लावते. आपल्या अक्षांशावर मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे खरी उष्णता उतरते छपरातून. पैसे तिथे घालावेत: पत्र्याखाली छत, मधे हवा खेळायला जागा, वर पांढरा रंग.

पावसाळ्यात गिलाव्याला हात लावू नका. दिवाळीनंतर सुटलेला गिलावा काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, भिंत उन्हाळ्यापर्यंत उघडी सुकू द्या आणि मगच चुन्याचं काम सुरू करा.