परराष्ट्रीय वाटाघाटी आणि चिंतामणराव देशमुख

लोधिवलीकडील ज्या भातशेतकऱ्यांचे चिरंजीव परराष्ट्रीय सेवेची आकांक्षा धरितात, त्यांस जिल्ह्यातीलच उदाहरण आहे. महाडनजीक नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र शिकले. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे जागतिक बँकेचा पाया घातला गेला, त्या परिषदेत ते हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते. युद्धकाळात इंग्लंडकडे साचलेले आपले येणे मोकळे करण्याची मागणी तेथे झाली. ती मान्य झाली नाही. (धनको असूनही रिक्तहस्ते परतावे लागले, याचे ऋणकोपणच अनुभविलेल्या आपणांस नवल वाटेल.) १९४९ साली मात्र त्याच बँकेने कांस गवताने ग्रासलेल्या जमिनी नांगरण्याच्या ट्रॅक्टरांकरिता १ कोटी डॉलर कर्ज दिले. अमेरिकेशी गव्हाच्या कर्जाची प्रारंभिक बोलणीही चिंतामणरावांनीच केली. १९५१ साली १९ कोटी डॉलर मंजूर झाले, तेव्हा ते अर्थमंत्री होते.