घरपट्टीची फेरआकारणी

नगरपालिकेचा शिपाई फेरआकारणीची नोटीस देऊन गेला, कीं घरोघर एकच चर्चा सुरू होते. ओटीवर पुरुषमंडळी नगरपालिकेस दूषणें देतात. माजघरांत हिशेबाची वही निघते. आठ दिवसांनीं चर्चा विरते, नोटीस पंचांगाच्या पानांत जाऊन पडते, आणि हरकतीची मुदत निघून जाते. आमच्या घरीं असेंच घडलें. म्हणून तो अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम ही आकारणी होते कशी, तें पाहूं. महाराष्ट्रांतील नगरपालिकांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानें चालतो. त्याप्रमाणें आकारणीची नवी यादी सामान्यतः दर चार वर्षांनीं व्हावयाची असते. घर भाड्यानें दिल्यास वर्षाकांठीं वाजवी भाडें किती यावें, हें ठरवितात. त्यांतून दुरुस्तीबद्दल शेंकडा १० वजा करितात. उरतें तें करयोग्य मूल्य. समजा, दरमहा ५०० रुपये भाडें धरलें. वर्षाचे ६,००० झाले. त्यांतून ६०० गेले व मूल्य ५,४०० ठरलें. त्यावर नगरपालिकेच्या दरानें कर बसतो. मूल्य आणि दर हीं दोन निराळीं आहेत. सर्वांचीं मूल्यें सारखीं वाढलीं व दर त्या मानानें उतरला, तर कर जेथल्या तेथें राहतो. ज्याचें मूल्य शेजाऱ्याहून अधिक चढतें, त्यासच खरी झळ लागते.

"राहत्या घराचें भाडें कसलें? आम्हांस तें कोण देतो?" हा प्रश्न वृद्धांच्या तोंडीं नेहमीं येतो, आणि तो खोटा नाहीं. घर कितीही महागलें, तरी पेन्शनीवर राहणाऱ्याच्या हातांतला पैसा वाढत नाहीं. मनूनें राजास करग्रहणाची रीत सांगतांना जळू, वासरूं व भ्रमर यांचा दाखला दिला आहे. थोडें थोडें घ्यावें, हा त्याचा आशय. चार वर्षांची मुदत पाळली तर वाढ थोडथोडी येते. यादी वर्षानुवर्षें पडून राहिली, म्हणजे सगळा भार एकदम डोक्यावर येतो.

आतां आमची गोष्ट. वाडा वडिलार्जित, आम्ही तिघे भाऊ. मागें एकदां नोटिशींतला आंकडा पाहून धाकट्यानें वाडा विकण्याची भाषा काढली. मातोश्री त्या दिवशीं पानावर बसल्या नाहींत. मी थोरला, जन्मभर मुलांना वाचावयास शिकविलेला मास्तर. परंतु नोटीस शेवटपर्यंत मींही वाचली नाहीं. मुदत टळल्यावर पत्नीनें आकारणीचा उतारा आणावयास लावला. पाहतों तों, कैक वर्षांपूर्वीं पावसांत कोसळलेला गोठा यादींत पक्की खोली म्हणून उभा! अर्ज केला, उत्तर आलें नाहीं. परसांतल्या मोकळ्या जागेवरचा कर आम्ही पुढली यादी होईपर्यंत भरीत राहिलों.

पुढल्या खेपेस मुलांनीं टेप धरला, सूनबाईंनीं मापें लिहून घेतलीं, व हरकत मुदतींत दाखल केली. सुनावणीस तिघे भाऊ मिळून गेलों. गोठा यादींतून गेला. कर वाढला तो वाढलाच. परंतु तिघांत वांटून घेतल्यावर विक्रीची गोष्ट पुन्हां कोणीं काढली नाहीं.

यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतीस निदान तीस दिवस द्यावे लागतात. तेवढ्यांत घराचें माप, बांधकामाचा प्रकार, राहता वापर कीं दुकान, आणि मालकाचें नांव ताडून पाहावें. अर्ज लेखी द्यावा व त्याची पोंच घ्यावी. वडील वारले असून यादींत त्यांचेंच नांव असेल, तर वारसांचीं नांवें लावून घ्यावीं. मात्र पट्टीच्या पावतीवर नांव आलें म्हणजे मालकी सिद्ध झाली असें नाहीं, हें भावाभावांनीं ध्यानांत ठेवावें.

यापुढें नोटीस आली, तर ती पंचांगांत ठेवूं नका. सर्वांना दिसेल अशा भिंतीवर लावा, आणि मुदतीचा शेवटचा दिवस तिच्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.