स्वतःच टाकलेली लिंक गुगलने मोजावी का?

समजा, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नोकरीचं आमिष दाखवणाऱ्या बनावट साइटने स्वतःची लिंक विकिपीडियावर टाकली. त्यामुळे ती गुगलवर वर दिसेल का? सहसा नाही.

दुसऱ्या साइटने दिलेली लिंक गुगल शिफारशीसारखी धरतं. पण जिथे कुणीही लिंक टाकू शकतं, तिथे ती शिफारस नव्हे, स्वतःची जाहिरातही असू शकते. म्हणून २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएनने 'नोफॉलो' ही खूण स्वीकारली. विकिपीडियावरच्या बाहेरच्या लिंक्सना ती आपोआप लागते.

२०१९ पासून मात्र गुगल या खुणेला आदेश नाही, फक्त संकेत मानतं. लिंक मोजायची की नाही, हे तेच ठरवतं.

म्हणूनच वर दिसणारी साइट खरीच असेल असं नाही. पैसे भरण्याआधी भरतीची जाहिरात भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या अधिकृत साइटवर तपासा.