जीपचा कणा

जुन्या जीपचे मोल करताना पाहणाऱ्याची नजर आधी बॉनेटवर जाते, मग रंगावर, मग काचेच्या चौकटीवर आणि दिव्यांवर. पैसाही त्याच क्रमाने खर्च होतो. पत्रा ठोकून सरळ केला जातो, लष्करी हिरव्या रंगाची नेमकी छटा जुळवली जाते, आणि गाडीखालची चेसिस डांबरी लेपाने काळी करून झाकली जाते. हा क्रम उलटा आहे, असे माझे ठाम मत आहे. जीपचा पत्रा बोल्टांनी वर बसवलेला असतो. तो उतरवता येतो, बदलता येतो, नवा घडवता येतो. गाडी म्हणून जे जपायचे असते ते त्याच्या खाली असते: दोन लांब पोलादी चॅनेल, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि त्या साऱ्याला चाकांवर तोलून धरणारे पाटे. जीर्णोद्धार खरा की नुसता देखावा, हे या भागावरच ठरते. आणि हा भाग शक्य तितका मूळ धातूत राखणे हेच या कामातले सर्वांत मोठे कौशल्य आहे.

त्यासाठी आधी या गाडीचा जन्म पाहायला हवा. 1940 साली अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीची मागणी काढली आणि अमेरिकन बँटम कंपनीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना हवाली केला. पण 1945 पर्यंत हजारोंनी गाड्या बाहेर पडल्या त्या विलीजच्या आणि फोर्डच्या कारखान्यांतून: विलीज एमबी सुमारे 3 लाख 60 हजार, आणि विलीजच्याच आराखड्यावर बांधलेल्या फोर्ड जीपीडब्ल्यू सुमारे 2 लाख 80 हजार. एकीचा भाग दुसरीला बसावा अशीच ती रचना होती, आणि रणभूमीवर तसेच झाले. त्यामुळे आज एखाद्या जीपवर दोन्ही कारखान्यांचे भाग एकत्र सापडले तर नवल नाही. चेसिस मात्र आपले मूळ लपवत नाही. रेडिएटरखाली वाकून पाहिले तर विलीजच्या चेसिसला आडवी गोल नळी दिसते. फोर्डच्या चेसिसला त्या जागी पालथ्या यू-आकाराची पट्टी असते. फोर्डचा क्रमांक डाव्या चॅनेलवर पुढच्या बाजूला ठोकलेला असतो, विलीजचा क्रमांक डाव्या चॅनेलच्या आतल्या अंगाला रिव्हेट केलेल्या पट्टीवर. 1947 पासून महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या गाड्यांची जुळणी सुरू केली आणि जीप आपल्याकडच्या रस्त्यांची, शेतांची, सरकारी कचेऱ्यांची झाली. या साऱ्या वंशावळीचा धागा वरच्या पत्र्यात सापडत नाही. तो चेसिसवर वाचता येतो.

आता चेसिस बिघडते कशी ते पाहू. तिचे सांधे मुख्यतः रिव्हेटचे असतात, आणि त्यामागे कारण आहे. शिडीसारखी ही चौकट खडबडीत जमिनीवर थोडी पिळली जाते, पिळली जावी अशीच ती घडवलेली असते. रिव्हेट तो पीळ सोसतो. चुकीच्या जागी घातलेले वेल्डिंग मात्र तिथे कडकपणा आणते आणि तडा त्याच्या कडेलाच सुरू होतो. गंजाचा मार्ग वेगळा. जिथे दोन थर एकावर एक बसतात, तिथे चिखल आणि पाणी अडकते. लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून थर फाकवतो आणि रिव्हेट ताणतो. पाट्यांच्या बैठकीजवळ हे सर्वाधिक होते, म्हणजे जिथे चाकाचा प्रत्येक दणका चेसिसला मिळतो नेमके तिथेच. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत वर्षे काढलेल्या गाडीत हे गृहीतच धरावे. अशा चेसिसवर जाड डांबरी लेप देणे म्हणजे ओल आत कोंडून ठेवणे.

नीट काम करणारा कारागीर म्हणूनच आधी सगळे उघडे करतो. सपाट फरशीवर चेसिस ठेवून ओळंब्याने ठरावीक भोकांचे बिंदू खाली उतरवतो आणि खडूने कर्ण आखतो. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट गुण्यात आहे. फरक आला तर अपघाताची खूण सापडली. तड्याच्या टोकाला लहान भोक पाडल्याने तडा पुढे सरकणे थांबते, मगच तो भरायचा. जोडपट्टी लावायची तर तिची टोके तिरकी ठेवायची, म्हणजे ताण एका उभ्या रेषेवर साचत नाही. चॅनेलच्या वरच्या-खालच्या कडांना भोके पाडायची नाहीत, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तिथेच असतो. फाकलेला सांधा वेगळा करून, आतला गंज काढून, लाल तापवलेला रिव्हेट पुन्हा बसवायचा. निवताना तो आकसतो आणि दोन्ही थर घट्ट आवळतो.

इथे पहिला आक्षेप येतो: एवढी डागडुजी कशाला? जीपच्या नव्या चेसिस तयार मिळतात. त्या सरळ असतात, निर्गंज असतात आणि महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाचवतात. चॅनेल चाळणीसारखा झाला असेल तर हा आक्षेप मला मान्य आहे. माणसांचा जीव मूळपणाहून मोठा. पण जिथे थोडाच धातू गेला आहे तिथे पूर्ण चेसिस बदलणे म्हणजे गाडीचा दाखला फेकून देणे. कायद्याची दिशाही हीच आहे. 2021 साली भारतात विंटेज वाहनांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम आले. पहिल्या नोंदणीनंतर 50 वर्षांहून जास्त काळ मूळ रूपात राखलेले, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार न झालेले वाहन त्यांत बसते. नवी चेसिस, त्यावर जुनी क्रमांकाची पट्टी रिव्हेट केलेली, अशी गाडी दिसायला निर्दोष असेल. पण ती आपल्याविषयी जे सांगते ते खरे नसते.

पाट्यांबाबत चूक आणखी सहज होते, कारण पाटा बदलणे सोपे वाटते. पाटे बसले, गाडी झुकली की मिळेल तो पाटा घालून ती उंच करतात. पण पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 6 मिलिमीटरच्या जागी 7 मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एक पाटा दीडपटीहून जास्त कडक होतो. उलट गंजाने अर्धा मिलिमीटर खाल्ला, तर जवळजवळ चौथा हिस्सा कडकपणा जातो. शिवाय युद्धकालीन विलीजचे पुढचे दोन पाटे एकसारखे नव्हते. सुकाणू, चालक आणि त्याच्या आसनाखालची पेट्रोलची टाकी, सारा भार डावीकडे, म्हणून डावा पाटा जास्त ताकदीचा. हे न जाणता दोन्हीकडे एकच पाटा घातला की गाडी कायमची एका अंगावर कलते. मूळ पाटे शाबूत असतील तर त्यांना पुन्हा कमान देता येते: तापवून आकार द्यायचा, तेलात बुडवून पाणी द्यायचे, आणि बेताने पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवायचा. शेवटची पायरी गाळली तर पाटा काचेसारखा तुटतो. पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या शॅकललाही असाच मान द्यावा लागतो. त्यांतल्या काहींना डावे आटे असतात आणि ओळखीसाठी अंगावर लहान उंचवटा असतो. तो न पाहता बसवलेला शॅकल गाडी चालताना सैल होऊ शकतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो हलका मानता येत नाही. मऊ स्प्रिंग, नव्या रचनेचे पुढचे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक यांनी गाडी जास्त सुरक्षित होईल, मग हट्ट का? पण जुनी जीप धोकादायक वाटते ती बहुतेकदा झिजल्यामुळे. पुढच्या आसाचा मागचा कल या गाडीत तीन अंशांचा ठरवलेला आहे. पाटे बसले, शॅकल झिजले, कुणी चुकीची पाचर घातली की तो कल बिघडतो, चाके थरथरतात, सुकाणू हातात राहत नाही. हे सारे मूळ मापावर आणले की गाडी तिच्या वेगाला पुरेशी स्थिर होते. तो वेग आजच्या महामार्गाचा नाही, हे मालकाने मान्य करायला हवे. सुधारणा करायचीच तर बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल अशी करावी. चेसिस कापून, वेल्डिंग करून केलेला बदल परत घेता येत नाही.

उरतो खर्चाचा प्रश्न: जे कुणी पाहणार नाही त्यावर इतका पैसा का घालावा? ते दिसत नाही, म्हणून तिथली नोंद ठेवावी, हे माझे उत्तर आहे. कोणता तुकडा नवा, कोणता सांधा उघडला, कोणत्या पाट्याला पाणी दिले, हे मालकाने लिहून आणि छायाचित्रांसह जपावे. नव्या तुकड्यावर वर्ष ठोकावे. प्रदर्शनातल्या परीक्षकांनी बॉनेटआधी गाडीखाली दिवा धरावा, आणि विकत घेणाऱ्याने रंगाचे कौतुक करण्याआधी पाट्यांच्या बैठकीवर हातोडीची हलकी टोच मारून पाहावी. शाबूत पोलाद खणखणते, कुजलेले बद्द वाजते.