साठ बाटल्यांचं ऋण

अमिताभ बच्चन यांच्या घरी वर्षातून दोनदा वाढदिवस असतो. ११ ऑक्टोबरचा सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा २ ऑगस्टचा, आणि तो १९८२ पासून सुरू झाला. त्या दिवशी ब्रीच कँडी रुग्णालयात डॉक्टरांनी जवळजवळ आशा सोडली होती, तेवढ्यात पत्नी जया बच्चन यांना अमिताभ यांच्या पायाचं बोट हललेलं दिसलं.

आठवडाभर आधी, २६ जुलैला, बंगळूरमध्ये ‘कुली’ या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. अभिनेते पुनीत इस्सर यांच्याबरोबरच्या मारामारीच्या दृश्यात अंदाज चुकला, टेबलाची कड पोटात बसली आणि आतड्याला जबर इजा झाली. बंगळूरला शस्त्रक्रिया करून त्यांना विमानाने मुंबईत आणलं, तर इथे धो धो पाऊस आणि अ‍ॅम्ब्युलन्स काही मिळेना. शेवटी शिवसेनेची अ‍ॅम्ब्युलन्स धावून आली. बाळासाहेब ठाकरे यांच्याविषयी बोलताना बच्चन यांनी ही आठवण जाहीरपणे सांगितलेली आहे. शाखेची किंवा गणेश मंडळाची अ‍ॅम्ब्युलन्स मुंबई-पुण्याला नवी नाही. अडीअडचणीला आधी आठवतो तो तिचाच नंबर. सुपरस्टारवरही तीच वेळ आली, इतकंच.

पुढचे काही दिवस देशाने देव पाण्यात घातले होते. देवळांत अभिषेक, दर्ग्यांत दुवा, रुग्णालयाबाहेर गर्दी. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या. पण या सगळ्यात मोजता येण्याजोगी मदत एकच होती, ती म्हणजे रक्त. बच्चन यांनी स्वतः दिलेला हिशेब असा: सुमारे दोनशे रक्तदाते आणि शरीरात चढवलेल्या साठ बाटल्या. २४ सप्टेंबरला ते घरी गेले. दिग्दर्शक मनमोहन देसाई यांनी ‘कुली’चा शेवटच बदलला. मूळ कथेत मरणारा नायक पडद्यावर जगला, आणि जिथे मार लागला ती चौकट थांबवून त्यावर तशी सूचना दाखवण्यात आली. लोकांनी ज्याच्यासाठी नवस बोलले त्याला चित्रपटगृहात मारणं देसाईंना परवडलंही नसतं म्हणा!

गोष्ट इथे संपली असती तर ती गोडच झाली असती. पण २००० च्या सुमारास केलेल्या तपासण्यांत बच्चन यांच्या यकृताचा सुमारे ७५ टक्के भाग निकामी झाल्याचं आढळलं. कारण हेपटायटिस बी. त्या साठ बाटल्यांपैकी कुठल्या तरी एकीतून हा विषाणू आत शिरला होता आणि जवळपास अठरा वर्षं गुपचूप आपलं काम करत होता. ज्याने ते रक्त दिलं, त्यालाही बहुधा स्वतःच्या आजाराचा पत्ता नसावा. हा विषाणू बऱ्याच जणांत वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहतो.

उपकार करणाऱ्यांच्या रांगेतूनच दुखणं आलं, तर कृतज्ञतेचं काय करायचं? बच्चन यांनी दोन्ही गोष्टी चालू ठेवल्या. दर २ ऑगस्टला ते प्रार्थना करणाऱ्यांचे आभार मानतात. रविवारी जुहूच्या बंगल्याच्या फाटकाशी जमलेल्या लोकांना भेटायला ते अनवाणी येतात. देवळात जाताना पायात काही घालत नाहीत, तसंच हे, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे, आपलं यकृत पाव भागावर चाललंय हे त्यांनी उघडपणे सांगितलं, ‘तपासणी करून घ्या’ म्हणून लोकांच्या मागे लागले आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे आग्नेय आशियासाठीचे हेपटायटिसविषयक सदिच्छादूत झाले. या माणसाने रुग्णालयाबाहेरच्या गर्दीचे पांग फेडले असतील, तर ते हात जोडण्यापेक्षा या दुसऱ्या कामातून, असं मानायला जागा आहे.

आज भारतात रक्ताची प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया या पाच चाचण्यांतून जाते. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर बंदी आली. पिशवीवर रक्तगट असतो, क्रमांक असतो, दात्याचं नाव मात्र नसतं. अतिदक्षता विभागातून बाहेर आलेल्या माणसाला शेजारणीचा डबा आठवतो, रात्री बाकावर बसून राहिलेला मेहुणा आठवतो. त्यांना पेढे देता येतात. नसांतून जे रक्त वाहतंय ते कुणाचं, हे मात्र त्याला कधीच कळत नाही. म्हणून पुढच्या गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरात रुग्णाचा मुलगा किंवा भाऊ रांगेत उभा दिसतो. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. एकदा रांगेत शिरलेले पुष्कळ जण मग तारीख लक्षात ठेवू लागतात.

अनोळखी माणसांच्या मदतीची, पण रक्ताइतकी चर्चा न होणारी आणखी एक जागा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आहे. तिचं नाव रुग्णसाहित्य केंद्र. एखाद्या ट्रस्टची, वाचनालयाची किंवा ज्येष्ठ नागरिक संघाची खोली; आत वॉकर, चाकाच्या खुर्च्या, कमोड खुर्च्या, डोक्याकडून वर उचलता येणारे पलंग, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गाद्या. अनामत भरायची, नाममात्र भाडं द्यायचं, वहीत सही करायची. मांडीचं हाड मोडलेल्या आजीला वॉकर लागतो तो काही महिने. तेवढ्यासाठी नवा कोण घेणार?

आजी काठीवर चालू लागली की घरचे वॉकर परत आणतात. अनामतीची पावती पुढे करण्याऐवजी बरेच जण ‘ती राहू द्या’ म्हणतात. कुणी अंथरुणावरच गेलेल्या वडिलांसाठी घेतलेली गादीही तिथेच सोडून जातं. खोली सांभाळणारे काका वॉकर पालथा घालून पायांची झिजलेली रबरी बुचं तपासतात, नवी बसवतात आणि वहीत पुढचं नाव लिहितात.