अंगणातली गाडी आणि तिसरी तार

गोव्यातील जुन्या घरांना गाडीसाठी वेगळे गॅरेज क्वचितच असते. बाल्कांवाच्या बाजूला उतरते पत्रे टाकून केलेली जागा, किंवा नव्या इमारतीत खांबांखाली आखून दिलेला चौकोन, हेच गाडीचे घर. या जागेत आता प्लगवर चार्ज होणाऱ्या गाड्या येऊन उभ्या राहू लागल्या आहेत. काही संपूर्ण विद्युत, तर काही पेट्रोलचे इंजिन आणि मोठी बॅटरी दोन्ही बाळगणाऱ्या, म्हणजे प्लग-इन हायब्रिड. विक्रेता गाडीसोबत एक केबल देतो आणि घरातल्या कोणत्याही पंधरा अँपिअरच्या प्लगवर ती चालेल असे सांगतो. हे विधान अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्या भागात आगीची आणि विजेच्या धक्क्याची शक्यता दडलेली असते.

पंधरा अँपिअरचा प्लग घरात असतो तो गिझरसाठी किंवा वातानुकूलन यंत्रासाठी. गिझर वीस मिनिटे चालतो आणि थांबतो. वातानुकूलन यंत्रही थंडावा आला की विसावते. गाडी मात्र पाच-सहा, प्रसंगी दहा तास सलग, जराही उसंत न घेता तेवढाच प्रवाह ओढत राहते. प्लगची पिन सॉकेटात थोडी सैल असली आणि त्या सांध्याचा रोध अवघा ०.२ ओहम असला, तरी १५ अँपिअरला तेथे ४५ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ज्या उपकरणाने शिसे वितळवून डाग देतो, ते साधारण २५ वॅटचे असते. सॉकेट काळे पडणे, प्लास्टिकचा वास येणे, हे प्रकार येथूनच सुरू होतात.

तारेचेही तसेच. मीटरच्या फळीपासून गाडीपर्यंतचे अंतर २० मीटर धरले, तर प्रवाहाला जाऊन-येऊन ४० मीटर तांब्यातून जावे लागते. तार १.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर १५ अँपिअरला सुमारे १०५ वॅट त्या तारेतच, म्हणजे बहुधा भिंतीत पुरलेल्या नळीत, उष्णतेच्या रूपाने जातात. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर हा आकडा ४० वॅटांच्या आत येतो. म्हणून गाडीसाठी मुख्य फळीपासून थेट निघणारी, मध्ये कोठेही सांधा नसलेली आणि दुसरे काहीही न जोडलेली स्वतंत्र तार हवी. एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नको. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही चार्जिंगसाठी जोड-केबल वापरण्यास मनाई आहे.

किती मोठा चार्जर लागेल, हा प्रश्न बहुतेकजण उलट्या बाजूने सोडवतात. आधी भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर पसंत करतात आणि मग गाडीकडे पाहतात. वस्तुतः घरगुती वीज बॅटरीत भरण्याजोगी करणारे यंत्र गाडीच्या पोटात असते. भिंतीवरची पेटी केवळ सुरक्षितपणे वीज पुरवते. अनेक प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे हे पोटातले यंत्र ३.३ ते ३.७ किलोवॅटच्या पलीकडे वीज घेतच नाही. अशा गाडीला ७.२ किलोवॅटची पेटी लावणे म्हणजे निमुळत्या तोंडाच्या कळशीवर मोठा नळ सोडणे होय. १५ किलोवॅट-तासांची बॅटरी ३.३ किलोवॅटने, थोडी गळती धरूनही, पाच-सव्वापाच तासांत भरते. फोंड्याहून पणजीला कामावर जाऊन येणाऱ्याला एवढे पुरेसे आहे. मोठ्या बॅटरीच्या संपूर्ण विद्युत गाडीचे आणि रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणाऱ्याचे गणित वेगळे. तेथे ३२ अँपिअरची पेटी आणि किमान ६ चौरस मिलिमीटरची तार यांचा खर्च सार्थ ठरतो.

यानंतर घराचा मंजूर भार पाहावा. तो वीजबिलावर छापलेला असतो आणि तीन किंवा पाच किलोवॅट असा आकडा पाहून अनेकांना प्रथमच त्याची जाणीव होते. दोन किलोवॅटचा गिझर, दीड टनाचे वातानुकूलन यंत्र, स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडी आणि त्यात गाडी, असे सारे संध्याकाळी एकदम सुरू झाले तर तो भार सहज ओलांडला जातो. भार वाढवून घेण्यासाठी वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून त्याचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. हे टाळण्याकडे लोकांचा कल असतो. पण ओळखीच्या वायरमनने रविवारी येऊन ओढून दिलेल्या तारेची जबाबदारी पुढे कोणीच घेत नाही.

आता तिसरी तार, म्हणजे अर्थिंग. जुन्या घरांत ही तार बहुधा नसते, असली तर नावापुरती असते. पंखा आणि दिवा तिच्यावाचून वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे तिची उणीव कोणाला भासत नाही. गाडीच्या केबलवर असलेली चौकोनी पेटी मात्र वीज सोडण्याआधी अर्थिंग तपासते, आणि ते नसेल तर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारते. येथेच सर्वांत घातक ‘जुगाड’ जन्माला येतो. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ या दोन टोकांमध्ये तारेचा एक तुकडा जोडला जातो. पेटीला वाटते अर्थिंग आहे. हिरवा दिवा लागतो, चार्जिंग सुरू होते, आणि वायरमन हुशार ठरतो.

यात काय घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. गाडीचा पत्रा आता न्यूट्रल तारेला जोडला गेला. जोवर ती तार खांबापर्यंत अखंड आहे, तोवर काही जाणवणार नाही. पण जूनमधील पहिल्या वादळात फांदी पडून न्यूट्रल तुटली, किंवा मीटरपाशी तिचा सांधा सुटला, तर घरातल्या चालू उपकरणांतून आलेला विजेचा दाब परतीची वाट न सापडल्याने गाडीच्या पत्र्यावर येऊन थांबतो. गाडी रबरी चाकांवर उभी असल्याने तो जमिनीत उतरत नाही. ओल्या अंगणात अनवाणी उभा राहून दाराच्या कडीला हात लावणारा माणूस हीच मग त्याची वाट होते. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले असतील, तर तार तुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. हा तुकडा कोणी जोडून दिला असेल तर तो काढून टाकेपर्यंत गाडी त्या सॉकेटला लावू नये.

खरे अर्थिंग करणे फार महाग नाही, पण गोव्याच्या जमिनीत त्याला काळजी लागते. जांभा दगड पावसाळ्यात पाणी धरतो आणि एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा होतो. ऑगस्टमध्ये उत्तम भरलेले अर्थिंग मेमध्ये निकामी ठरू शकते. म्हणून रोधाचे माप उन्हाळ्यात, अर्थ-टेस्टर लावून घ्यावे. साध्या मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांत २३० व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये. मल्टिमीटर जवळजवळ प्रवाहच ओढत नाही, त्यामुळे कुचकामी अर्थिंगही त्याला चांगले दिसते. साधारणपणे ५ ओहमच्या आत रोध असावा, असा विद्युत कंत्राटदारांचा संकेत आहे.

तरीही अर्थिंग एकटे पुरत नाही. रोध १०० ओहम असताना फेज पत्र्याला लागली, तर प्रवाह अवघा २.३ अँपिअर वाहील. २० अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही घेता येणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. रोध ५ ओहम असला, तरी ४६ अँपिअरला एमसीबी तत्क्षणी पडेलच असे नाही. हे काम आरसीसीबीचे. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ती क्षणार्धात वीज तोडते. गाडीच्या जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची, ‘ए’ प्रकारची स्वतंत्र आरसीसीबी असावी. स्वस्तात मिळणारी ‘एसी’ प्रकारची नव्हे, कारण गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून होणारी गळती तिला नेहमीच ओळखता येत नाही. आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती काढून टाकणारेही भेटतात. ती पडते याचा अर्थ कोठेतरी गळती आहे.

समुद्रापासून जवळ असलेल्या घरांत खारा वारा पितळी पिना आणि स्क्रू खातो. उघड्यावरच्या पेटीचे संरक्षण-मानांकन आयपी ५५ किंवा त्याहून अधिक असावे, आणि तरीही तिच्यावर छोटे छप्पर असावे. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे, असे सुरक्षा नियम सांगतात. पावसाळ्यात अंगणात पाणी चढत असेल तर आणखी वर न्यावे. वळवाच्या विजांसाठी फळीवर सर्ज-रोधक बसवावा, पण कडकडाट सुरू झाल्यावर प्लग काढून ठेवणे हा जुना उपाय अजूनही सर्वांत स्वस्त आहे.

मीटरबाबत दोन मार्ग आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू जोडणीवरच गाडी चार्ज करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकारही ग्राहकाला मिळाला. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने गाडीचे महिन्याचे शंभर-दीडशे युनिट सर्वांत वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. स्वतंत्र जोडणीचा हिशेब याच्याशी ताडून पाहावा. सहनिवासांत तर स्वतंत्र मीटरच बरा. सामाईक मीटरवरून गाडी चार्ज होते या एका संशयावर वार्षिक सभा कशा रंगतात, हे मडगाव-म्हापशातील रहिवाशांना सांगायला नको.

रात्रीच चार्ज करावे हा सल्लाही आता तपासून घेण्याजोगा आहे. जून २०२३ च्या नियमदुरुस्तीनुसार स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांना दिवसातील वेळेप्रमाणे दर लागू व्हायचे आहेत, आणि त्यात सौर तासांचा दर नेहमीपेक्षा कमी राहील. ज्यांच्या छतावर सौर पट्ट्या आहेत किंवा ज्यांची गाडी दुपारी घरीच असते, त्यांना दिवसा चार्ज करणे लाभाचे ठरेल.

सारे बसवून झाल्यावर पहिले चार्जिंग जागेपणी, माणूस घरात असताना करावे. अर्ध्या तासाने प्लगला हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर मुख्य फळीवरूनच वीज बंद करून कंत्राटदाराला परत बोलवावे. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर ती पडली नाही, तर ती त्याच दिवशी बदलावी.