किलास, किलेस आणि पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द

आपल्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात इंग्रजी शब्दसंग्रहाची एक वही असते. एकाच जोडीच्या अक्षरांनी सुरू होणारे आणि नेमके पाच अक्षरांचे शब्द एका पानावर उतरवून घ्यावेत, अशी पद्धत अनेक शिक्षक पाळतात. जी आणि एल यांचे पान काढले तर तेथे ग्लास, ग्लोब, ग्लोरी, ग्लोव्ह अशी रांग दिसते. मुलांना भेटावयास आलेले पालक ती वही चाळतात आणि विचारतात, ही पाने पाठ करून काय साधते? प्रश्न रास्त आहे. नुसती पाठ केली तर फारसे काही साधत नाही. परंतु शब्दाच्या आरंभीची दोन-तीन अक्षरे कोठून आली आणि आपल्या जिभेवर ती कशी बसतात, हे उमगले तर तेच पान बोलू लागते.

प्रथम एक खुलासा करावयास हवा. मराठीत आपण ज्याला अक्षर म्हणतो ते आणि इंग्रजीतील अक्षर, ही मापे वेगळी आहेत. 'स्ट्रॉ' हे मराठीत एकच जोडाक्षर. इंग्रजीत मात्र एस, टी, आर, ए, डब्ल्यू अशी पाच मुळाक्षरे मांडावी लागतात. मराठी लिपी व्यंजने एकावर एक रचते, इंग्रजी लिपी ती शेजारी शेजारी उभी करते. मुलाची पहिली अडचण येथेच होते, शब्दाच्या उंबरठ्यावर.

आता आपल्या खेड्यांतील बोली ऐका. क्लासला किलास, ग्लासला गिलास, ब्लेडला बिलेड असे आजही सर्रास म्हटले जाते. हे तिन्ही मूळ इंग्रजीत पाच अक्षरांचे शब्द आहेत, आणि तिन्हींच्या आरंभी दोन व्यंजने एकमेकांना चिकटलेली आहेत. ती जड जातात म्हणून जीभ मध्ये एक 'इ' घालते. शहरात गेलेल्या मुलाला याच उच्चारावरून हसले जाते. एकदा हसले गेलेले मूल पुढे वर्गात तोंड उघडण्यास धजत नाही, आणि त्याचे इंग्रजी तेथेच थांबते. हे नुकसान लहान नाही.

ज्या गोष्टीला हसले जाते ती मात्र फार जुनी आणि प्रतिष्ठित आहे. संस्कृतातील 'क्लेश' पालीत 'किलेस' होतो. 'ग्लान' म्हणजे आजारी. पालीत तो 'गिलान'. 'श्री'चे 'सिरी' होते, 'स्नेह'चे 'सिनेह'. क्लेशाचा किलेस करणारी जीभ आणि क्लासचा किलास करणारी जीभ एकाच वाटेने चालते. आरंभीचे जोडाक्षर सोपे करण्याची दुसरीही एक वाट पालीत दिसते. 'स्थान'चे 'ठान', 'स्थविर'चे 'थेर', 'स्कंध'चा 'खंध', 'स्पर्श'चा 'फस्स'. येथे आरंभीचा 'स' गळतो आणि पुढचे व्यंजन महाप्राण होते किंवा तसेच राहते. आपल्या आजीबाई स्टेशनला 'ठेसन' म्हणतात तेव्हा त्या दुसरे काय करतात? त्रिशरण-पंचशीलाबरोबर पाली ज्यांच्या कानी पडली आहे, अशा घरातील मुलाने आपल्या आजीच्या उच्चाराची लाज बाळगण्याचे कारण नाही.

आपल्या जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे स्तूपाचे अवशेष सापडले आहेत. 'स्तूप' हा संस्कृत शब्द, पालीत 'थूप'. इंग्रजी शब्दकोशांनी मात्र संस्कृत रूप उचलले. एस, टी, यू, पी, ए हा त्यांचाही शब्द झाला, आणि तोही नेमका पाच अक्षरांचा! एस-टीच्या पानावर तो स्टोन, स्टील, स्टोरी यांच्या पंक्तीत बसतो. त्याच पानावरील स्टँड आणि स्टेट हे शब्द तर ज्या प्राचीन धातूपासून आले त्याचेच आपले रूप 'स्था' होय. स्थान, स्थिर, स्थिती हे त्यांचे भाऊबंद.

उच्चारात 'इ' शिरला तर बिघडत नाही. लेखनात शिरला तर गुण जातात. गिलास म्हणणारे मूल जी आणि एल यांच्यामध्ये आय लिहून मोकळे होते. वहीतील त्या पानाचा खरा उपयोग येथे आहे. ग्लास, ग्लोब, ग्लोरी हे शब्द एकाखाली एक लिहिले की जी आणि एल यांच्यामध्ये कोणी नाही, हे डोळ्यांना दिसते. कानाने केलेली चूक डोळा दुरुस्त करतो. आरंभी तीन व्यंजने उच्चारली जात असतील तर काम आणखी सोपे, कारण इंग्रजीत अशा शब्दांचा पहिला ध्वनी नेहमी 'स'च असतो : स्ट्रॅप, स्प्रे, स्प्लिट, स्क्रू. 'स्त्री' हा शब्द लहानपणापासून उच्चारणाऱ्या मराठी मुलाला हे ओझे वाटू नये.

मुलांना खरा राग येतो तो मुक्या अक्षरांचा. नाइफ, नॉक, नोन या पाच अक्षरी शब्दांच्या आरंभी के लिहावयाचा, पण उच्चारावयाचा नाही, ही कसली रीत? सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीपर्यंत इंग्रज लोक हा 'क' उच्चारीत असत. जर्मन लोक गुडघ्याच्या शब्दात तो अजूनही उच्चारतात. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना घातला. पुढे छापील लेखन हळूहळू कायम होत गेले आणि जीभ मात्र बदलत राहिली. मागे राहिलेला के ही जुन्या उच्चाराची खूण आहे. 'नोन' म्हणजे ज्ञात. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. पालीत 'ज्ञान'चे 'ञाण' होताना पहिला ध्वनी गळाला, इंग्रजीत 'क' गळाला. फरक इतकाच की पालीने लिहिण्यातूनही तो काढून टाकला. माझ्या मते पालीचा व्यवहार अधिक सरळ.

काही जोड्यांत अर्थाचाही धागा सापडतो. एस-एनच्या पानावर स्निफ, स्नोअर, स्नॉर्ट, स्नाउट हे हुंगणे, घोरणे, फुरफुरणे आणि प्राण्याचे नाकाड अशा अर्थांचे शब्द आहेत. सारे नाकाशी निगडित. जी-एलच्या पानावर ग्लीम, ग्लिंट, ग्लेअर, ग्लॉस हे चकाकीचे शब्द भेटतात. मराठीत हेच काम 'झ' करतो : झळकणे, झगमगाट, झळाळी. मात्र याला नियम मानू नये. त्याच एस-एनच्या पानावर स्नेल म्हणजे गोगलगाय आहे, आणि जी-एलच्या पानावर ग्लूम म्हणजे अंधारलेपण.

शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या मुलांना शब्द कोशाच्या क्रमाने लावावे लागतात, तेव्हा समान आरंभाचे शब्दच परीक्षा पाहतात. क्वाएट म्हणजे शांत आणि क्वाइट म्हणजे बरेच. दोन्हींत तीच पाच अक्षरे, पहिली तीन त्याच क्रमाने. चौथ्या स्थानी एकात ई, दुसऱ्यात टी; म्हणून 'शांत' आधी. हा क्रम इंग्रजांनाही एके काळी शिकवावा लागला. रॉबर्ट कॉड्रीने १६०४ मध्ये पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा मुळाक्षरांचा क्रम न पाहता म्हणता आला पाहिजे, अशी सूचना त्याला प्रस्तावनेत द्यावी लागली होती. पाली शब्दांचे इंग्रजी अर्थ पाहण्याची हौस असलेल्या मोठ्या मुलांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेला पाली शब्दकोश जरूर चाळावा. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात १९९८ मध्ये छापला आहे.

आपले अनेक माजी विद्यार्थी मोबाइलवर 'वर्डल' हा खेळ खेळतात. जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये तो लोकांसाठी खुला केला आणि पुढच्याच वर्षी न्यू यॉर्क टाइम्सने विकत घेतला. पाच अक्षरांचा एक शब्द सहा प्रयत्नांत ओळखावयाचा. मूळ यादीत उत्तरांचे शब्द सुमारे २,३०० होते आणि त्यांत एसने सुरू होणारे सर्वाधिक. घरी सुटीत आलेल्या धाकट्या भावंडाला हा खेळ कागदावरही खेळवता येतो. त्यासाठी मोबाइल लागत नाही. एस-टी लिहावे, पुढे तीन चौकटी रिकाम्या सोडाव्यात आणि त्याला विचारावे, आता येथे काय काय बसेल?